पिवळ्या भाताचा शेंडा

बू निंग यांच्या घराला ओसरी आहे, हे आळीतल्या तरुण पिढीला ठाऊकच नव्हते. घराच्या दर्शनी भागाला ती मंडळी सरळ ‘कोठार’ म्हणत, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. हिरव्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्प्या भिंतीला लागून थेट छताला टेकल्या होत्या. मांडवाचे लोखंडी नळ आडवे पसरले होते आणि ताडपत्री गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. लग्नाला आणि मयतीला सारख्याच निष्ठेने राबणारे भाताचे पातेले पालथे पडून होते. ते एवढे मोठे, की आत एखादे पोर बसून खुशाल न्हाले असते. याखेरीज स्वातंत्र्यदिनाच्या शर्यतीची पोती, रस्सीखेचीचा दोर, एका तारेवर जगणारा कर्णा, आणि आढ्याला टांगलेला तान्ह्या मुलांच्या वजनाचा काटा. या साऱ्या पसाऱ्यातून घराच्या दाराशी जाणारी वाट इतकी अरुंद होती, की बू निंग, ज्या देहाने काही किरकोळ नव्हत्या, तिच्यातून रोज तिरक्या होऊन जात.

हे सर्व सामान आळीचे होते. बू निंग यांचे यजमान पाक कासिदी हे आळीचे ‘एरते’, म्हणजे या तीसेक घरांचे प्रमुख. कोणाला दाखला हवा असो, कोणाच्या घरी पाहुणा मुक्कामाला येवो, कोणाचा कोंबडा कोणाच्या मिरच्या खावो, माणसे पाक एरतेंच्या दाराशी येत. (तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने ‘पाक’, बाईला ‘बू’ आणि तरुणाला ‘मास’ म्हणतात.) सरकारने प्रमुखाला पद दिले होते, शिक्का दिला होता. कचेरी मात्र दिली नव्हती. ती बू निंग यांच्या ओसरीने दिली.

सोलो शहराच्या पश्चिमेकडची ही वसाहत शेते बुजवून उभी राहिली, तेव्हापासून येथे प्रमुख निवडण्याची एक पद्धत होती. ती कोणत्याही कायद्यात नसली तरी कायद्याहून काटेकोरपणे पाळली जाई: जो सभेला गैरहजर, तो प्रमुख. हजर माणूस नाही म्हणू शकतो, गैरहजर माणूस कसा म्हणणार? पाक कासिदी त्या एका सभेला हजर नव्हते, कारण त्याच सभेच्या खाऊच्या पेट्या आणायला ते बाजारात गेले होते. पेट्या घेऊन परतले तो टाळ्यांचा कडकडाट. बिचाऱ्यांना वाटले, टाळ्या खाऊसाठी आहेत.

तेव्हापासून निवडीच्या सभेला आळीत सर्वांची हजेरी असे. मास गातोत, जो कोपऱ्यावर मांसाच्या गोळ्यांच्या रश्श्याची गाडी लावतो, तो एकदा पाय प्लास्टरमध्ये असताना सासऱ्याच्या पाठंगुळी बसून आला होता. सगळेच हजर म्हटल्यावर निवडायचे कोणाला? मग कोणीतरी हमखास म्हणे, “पाक कासिदींना काम माहीत झालंय आता.” पाक कासिदी इतके भिडस्त, की त्यांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द फक्त ‘काही हरकत नाही’ एवढ्या वाक्यातच बाहेर पडे. आणि भीड ही भिकेची बहीण.

या निवडीला एक विधीही होता. सभेत पिवळ्या भाताचा शंकू मांडत. मावळता प्रमुख त्याचा शेंडा कापून नव्या प्रमुखाच्या हाती देई, आणि नव्याने तो सर्वांदेखत हातात घेतला की निवड पक्की, खाणे मागाहून. आता मावळता आणि नवा हे दोघेही पाक कासिदीच असल्यामुळे ते दर खेपेला शेंडा कापत, क्षणभर इकडेतिकडे पाहत, आणि स्वतःलाच अदबीने देत. लोक टाळ्या वाजवत. बू निंग स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत आणि पदरचे तूप लावून लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या बाईसारखा चेहरा करून आत जात.

बू निंग यांचे पूर्ण नाव मुर्तिनिंगसिह. लग्नाआधी त्या शहरातल्या जुन्या कापडपेठेत मेणाने कापडावर नक्षी काढण्याचे काम करीत. तांब्याच्या बारीक चोचीची लेखणी वितळलेल्या मेणात बुडवायची, चोचीवर हलकेच फुंकर घालायची, आणि श्वास धरून रेघ ओढायची. त्यांची रेघ पेठेत नावाजलेली होती. या नव्या वसाहतीत घर पसंत करताना पाक कासिदींनी विहीर पाहिली आणि बू निंग यांनी ओसरी. तिच्यावर थेट ऊन येत नसे. दिवसभर थंड, सारखा उजेड. कापड टांगण्याची लाकडी घोडी त्यांनी माहेराहून आणली, ओसरीवर मांडली, आणि काही वर्षे सुखाची गेली. मग खुर्च्या आल्या. घोडी माळ्यावर गेली. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे म्हणतात, पण येथे घोडे येऊन घोडी हद्दपार झाली होती.

तरीही बू निंग यांनी निभावले. आळीतल्या प्रत्येक घराला त्यांनी एकेकदा विचारून पाहिले होते की खुर्च्या तुमच्याकडे ठेवाल का. एकाकडे कुत्रा होता, एकाकडे मोटार. एका बाईंना प्लास्टिकच्या वासाने शिंका येत, ज्या बू निंग यांचा प्रश्न संपायच्या आतच सुरू झाल्या. बू निंग हसल्या आणि परत तिरक्या होऊन घरात गेल्या.

परंतु त्या वर्षी गोष्ट वेगळी झाली. त्यांची एकुलती मुलगी सेकार हिला दिवस गेल्याची बातमी आली. सातव्या महिन्यात ओटीच्या विधीला गर्भिणीला एकामागून एक सात कापडे नेसवतात, आणि सातवे, शेवटचे, जे तिच्या अंगावर राहायचे आणि पुढे ज्यात बाळाला गुंडाळायचे, ते आईच्या हातचे असावे असा बू निंग यांच्या घराण्याचा दंडक होता. त्यांच्या आईने त्यांच्यासाठी काढले होते, आजीने आईसाठी. दोन्ही अंगांनी मेण चढवलेले असे एक कापड पुरे करायला तीन महिने तरी लागतात. आणि ते स्वयंपाकघराच्या धुरकट उजेडात होत नाही.

“अहो,” त्या यजमानांना म्हणाल्या, “मला माझी ओसरी हवी आहे.”

पाक कासिदी पारव्याला दाणे घालीत होते. “घे की. काही हरकत नाही.”

“घेऊ कशी? तिच्यावर तुमची प्रजा बसलीय!”

“सभा येतेय ना पुढच्या महिन्यात. सांगतो त्यांना, आता दुसरा कोणी बघा म्हणून.”

“मागच्या वेळी काय सांगितलं होतंत?”

“हेच.”

“आणि मग शेंडा कोणी खाल्ला?”

पाक कासिदींनी पारव्याकडे पाहिले. पारव्याने मान फिरवली.

शेजारच्या बू रोफिआ या बू निंग यांच्या जिवाभावाच्या. त्यांचा आवाज कर्ण्याला लाजवील असा, आणि तोंडाला कुलूप असे नव्हतेच. त्यांच्याशी बसून विचारविनिमय चालला असतानाच महिन्याचा मुलांच्या वजनाचा दिवस उजाडला. आणि त्या दिवशी ओसरीवर पाक विर्यावान आले.

पाक विर्यावान हे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. समोरच्या घरात राहत. घर मोठे, पुढचा पडवीसारखा भाग त्याहून मोठा, आणि मोटार विकल्यामुळे रिकामा. उभ्या हयातीत त्यांनी बाजारातले तराजू तपासले होते, आणि निवृत्तीनंतर ते जगाला तपासत. गटाराचा उतार, मशिदीच्या घड्याळाची चाल, मास गातोतच्या वाटीतल्या गोळ्यांचा आकार, कशालाच सूट नव्हती. आळीच्या सभेत विषयांचा क्रम खडूने फळ्यावर लिहायची प्रथा त्यांनीच पाडली होती. मात्र प्रमुखपदाचा विषय निघाला की त्यांची प्रकृती तत्काळ नाजूक होई.

त्या दिवशी त्यांनी फडक्यात गुंडाळलेले पितळी वजन आणले, झोळीतले एक मूल बाजूला करवून ते काट्यात ठेवले, आणि काट्याकडे पाहून मान हलवली.

“खोटं बोलतोय. चांगलं पाव किलो जास्त दाखवतोय.”

“म्हणजे माझं बाळ?” एका तरुण आईने धसकून विचारले. “गुटगुटीत आहे म्हणाल्या ना बू निंग?”

“बाळ ठीक आहे. गुटगुटीत आहे तो काटा.”

दोघीतिघी आया रडवेल्या झाल्या. बू निंग यांनी त्यांना उकडलेले शेंगदाणे देऊन शांत केले आणि मग पाक विर्यावानांकडे वळल्या. “पाक, इतकी वर्षं या काट्यानं एका आईला रडवलं नव्हतं हो.”

“काटा हसवायला नसतो, बू. शिस्त म्हणून काही आहे की नाही? ही काय कचेरी आहे? दोर पोत्यात, पोती पातेल्यात! माझ्या हाती असतं तर...”

“मग घ्या की हाती! पाक एरते व्हा.”

“मी? छे, छे. माझी साखर...” ते दोन पावले मागे सरले आणि खुर्च्यांच्या थप्पीला टेकले.

“राहिलं,” बू निंग लगेच म्हणाल्या. “पण आळीत तुमच्याइतकं ज्येष्ठ आणि शिकलेलं दुसरं आहे कोण?”

येथे बू निंग यांना एक गोष्ट दिसली. ‘ज्येष्ठ’ म्हणताच पाक विर्यावानांचा कणा ताठ झाला आणि ‘शिकलेलं’ म्हणताच हनुवटी किंचित वर गेली. जबाबदारीचे नाव काढले की मागे सरणारा हा गृहस्थ मानाचे नाव काढले की पुढे सरत होता. बू निंग यांनी मनातल्या मनात लेखणी मेणात बुडवली.

“रोफी,” त्या दिवशी दुपारी भाजी निवडताना त्या म्हणाल्या, “शेंडा आपल्या आळीत कोणाला देतात?”

“नव्या एरतेला. म्हणजे तुझ्या नवऱ्याला.”

“आणि बाकीच्या जगात?”

“बाकीच्या जगात? सभेत जो मानाचा, वडीलधारा असेल त्याला.” बू रोफिआंचा हात थांबला. डोळे हळूहळू मोठे झाले. “अगं बया!”

“हळू बोल.”

“मी हळूच बोलतेय!” बू रोफिआ म्हणाल्या, आणि पलीकडच्या घरातला कुत्रा भुंकू लागला.

बेत सोपा होता. पाक विर्यावानांना सांगायचे, की यंदा आळीतल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीचा सन्मान करायचे ठरले आहे. मान म्हणून शेंडा त्यांच्या हाती द्यायचा. त्यांनी तो घेतला की आळीच्या प्रथेप्रमाणे ते प्रमुख झाले. सर्वांदेखत घेतलेला मान परत करणे हे आमच्याकडे कोणालाही जमलेले नाही. त्यापेक्षा माणूस गाव सोडील. बू रोफिआ निरोप घेऊन समोर गेल्या.

“पाक, बायकांचं असं म्हणणं पडलं की जो माणूस इतकी वर्षं आम्हाला शिस्त लावतोय, त्याचं कौतुक कधी करायचं? मेल्यावर?”

“तसा काही आग्रह नाही माझा,” पाक विर्यावान म्हणाले. “मेल्यावरचा तर मुळीच नाही.”

“म्हणून तर यंदा शेंडा तुम्हाला.”

पाक विर्यावानांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली. “शेंडा,” ते म्हणाले. “बरं. भातात नारळाचं दूध बेताचं घाला म्हणावं. साखरेबरोबर ते दुसरं काय ते, तेही वाढलंय माझं.”

सभा रविवारी सकाळी भरली. आधी रिवाजाप्रमाणे सर्वांनी मिळून गटारे उपसली, मग हातपाय धुऊन मंडळी मधल्या मोकळ्या जागेत चटयांवर बसली. कोणीही, अर्थातच, गैरहजर नव्हते. मास गातोतला ताप होता, तरी तो कांबळे पांघरून आला होता. फळ्यावर पाक विर्यावानांच्या ठसठशीत अक्षरात क्रम लिहिला होता: स्वागत, गटारे, निवड, भोजन. पाक विर्यावान स्वतः लांब बाह्यांचा, ठेवणीतला सदरा घालून पहिल्या ओळीत बसले होते. त्यांच्या सदऱ्याची इस्त्री इतकी कडक होती, की ते बसल्यावरही सदरा काही क्षण उभाच राहिला.

स्वागत झाले. आणि गटारांचा विषय निघण्यापूर्वीच बू निंग आणि बू रोफिआ केळीच्या पानांनी सजवलेले मोठे सूप दोन बाजूंनी धरून आल्या. सुपात पिवळ्या भाताचा सुळका, भोवती कोंबडी, अंडी, तळलेले सोयाबीनचे तुकडे, लांब शेंगांची भाजी. सभेतून आनंदाचा हुंकार उठला. एका पाक विर्यावानांनी मात्र सुपाकडे पाहिले, मग फळ्याकडे पाहिले, मग पुन्हा सुपाकडे.

“गरम आहे तोवर मान देऊन टाकू,” बू निंग घाईने म्हणाल्या, आणि यजमानांना कोपराने ढोसले.

पाक कासिदींनी शेंडा कापला. नेहमीच्या सवयीने तो स्वतःच्या तोंडाकडे निघाला होता. बू निंग यांनी त्यांचा हात अलगद वळवला. “आळीचे ज्येष्ठ... पाक विर्यावान... काही हरकत नाही,” पाक कासिदी पुटपुटले, आणि बशी पुढे केली.

पाक विर्यावानांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

“पाक एरते झाले!” बू रोफिआ गरजल्या. “नवे पाक एरते! टाळ्या!”

मग लोकांना उमगले. असा जल्लोष त्या आळीत कोणा उमेदवाराच्या वाट्याला आला नसेल. माणसे उभी राहून टाळ्या वाजवू लागली. मास गातोतचा ताप उतरला. बू निंग यांना डोळ्यांपुढे आपली घोडी ओसरीवर उभी दिसली, तिच्यावर पांढरे कापड, आणि कापडावर तो सारखा, थंड उजेड.

पाक विर्यावान उठून उभे राहिले. बशी त्यांच्या हातात स्थिर होती. तराजूच्या माणसाचा हात.

“आभार,” ते म्हणाले. “एक लहानसा खुलासा करतो. मी उभा जन्म बाजारात काढला. तराजूच्या पारड्याला कोणाचा अंगठा लागलाय, हे मला लांबून कळतं. फळ्यावर भोजन चौथं आहे, निवडीनंतर. आज ते निवडीआधी आलं. भात काही आपल्या पायांनी आला नाही.” त्यांनी बू निंग यांच्याकडे पाहून किंचित मान लववली. “तरी प्रथा ती प्रथा. पाक कासिदींनी दिला, मी घेतला. म्हणजे या घडीला मी या आळीचा प्रमुख आहे. कोणाची हरकत?”

हरकत कोणाची असणार?

“ठीक. तर प्रमुख या नात्यानं मी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा देतो. आता मी मावळता प्रमुख झालो. आणि मावळत्या प्रमुखानं शेंडा कोणाला द्यायचा, हा सर्वस्वी त्याचा अधिकार आहे. इतकी वर्षं ही आळी ज्यांच्या ओसरीवरून चालली, ज्यांचा काटासुद्धा लोकांना खूश ठेवतो...” ते दोन पावले चालत गेले आणि वाकून बशी पुढे केली. “बू मुर्तिनिंगसिह.”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. बू निंग यांचे हात, जन्मभराच्या वळणाप्रमाणे, वडीलधाऱ्याने पुढे केलेली बशी घ्यायला आपोआप वर झाले. बशी हातात आली तेव्हा कुठे त्यांना कळले की काय झाले आहे. सभेत आता टाळ्यांबरोबर आरोळ्याही उठल्या. “बू एरते! बू एरते!” बायकांनी तर चटया बडवल्या. या आळीत आजवर बाई प्रमुख झाली नव्हती. ते करू नये असे कोणी म्हटलेले नव्हते, कोणाला सुचलेच नव्हते.

“अगं, नको म्हण!” बू रोफिआ कुजबुजल्या, म्हणजे सर्वांना ऐकू गेले.

बू निंग यांनी बशीकडे पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिले. पाक कासिदी कित्येक वर्षांत प्रथमच खांदे सैल सोडून बसले होते आणि लहान मुलासारखे हसत होते. नाही म्हणावे तर बशी पुन्हा त्यांच्याकडेच जाणार. दुसरे कोणी घेईना. मग त्यांनी रिकाम्या चटयांकडे पाहिले, म्हणजे पाहायला गेल्या, तर रिकामी चटई एकही नव्हती. आळीतला एकूण एक धडधाकट मनुष्य समोर बसलेला होता. सर्वांचे हात रिकामे. समोरच्या घराची पडवीही रिकामी.

त्यांनी शेंडा उचलला आणि सावकाश, घासागणिक विचार करीत, संपूर्ण खाल्ला. भातात नारळाचे दूध बेताचे पडले होते.

“झाले मी बू एरते?” त्यांनी तोंड पुसत विचारले.

“झालात!” सभा गरजली.

“हरकत?”

“नाही!”

“मग प्रमुखाचा पहिला हुकूम. पाक विर्यावान म्हणाले ते खरंच आहे. आमच्या घरी कचेरीला शिस्त नाही. दोर पोत्यात, पोती पातेल्यात. मला अडाणी बाईला हे जमायचं नाही. म्हणून आळीचे चिटणीस आजपासून पाक विर्यावान. चिटणिसाला साखर चालते. आणि कचेरी, शिस्त जिथं राहते तिथं. त्यांच्या पडवीत.”

पाक विर्यावान यांचे तोंड उघडले. “एक मिनिट, हा विषय फळ्यावर...”

“लिहा की,” बू निंग म्हणाल्या. “तुमचंच अक्षर चांगलं आहे. तुम्ही लिहा, तोवर हे लोक उचलतात. भोजन चौथं आहे ना? मग खुर्च्या त्याच्या आधी. जेवण, सगळं सामान समोर पोचल्यावर.”

कोंबडीचा दरवळ सुटलेला असताना भुकेल्या माणसांना यापेक्षा स्पष्ट आदेश कोणत्याही सरकारने दिला नसेल. सारी आळी उठली. खुर्च्यांच्या थप्प्या हातोहात निघाल्या, नळ खांद्यांवर चढले, ताडपत्री चौघांनी तिरडीसारखी उचलली. मास गातोत कांबळे फेकून भाताचे पातेले डोक्यावर पालथे घालून निघाला आणि आतून गाऊ लागला. शिंकणाऱ्या बाईंनी स्वतः दोन खुर्च्या नेल्या. त्या दिवशी त्यांना एकही शिंक आली नाही. पाक विर्यावान पडवीच्या तोंडाशी उभे राहून ओरडत होते, “हिरव्या हिरव्यांवर! नळ लांबीप्रमाणे! अरे, पोती पातेल्यात नको!” आणि खरे सांगायचे तर, त्या ओरडण्यात दुःखाहून उत्साहच अधिक होता.

शेवटी काटा निघाला. तो बू निंग यांनी स्वतः नेला आणि त्यांच्या हातात दिला. “घ्या, चिटणीस. याचा गुटगुटीतपणा तुमच्याकडे.”

“बू एरते,” पाक विर्यावान खालच्या आवाजात म्हणाले, “अंगठा तुमचाच होता ना?”

“आणि राजीनामा?”

दोघेही हसले नाहीत. दोघांनीही दुसरीकडे पाहिले, कारण तसे पाहिले नसते तर हसावे लागले असते.

आळीच्या तोंडाशी रात्रीच्या पहाऱ्याची चौकी आहे, तिच्या भिंतीवर आळीच्या प्रमुखांची नावे रंगवलेली आहेत. पाक विर्यावान यांच्या आग्रहावरून तेथे त्यांचेही नाव आले: अमुक तारखेपासून त्याच तारखेपर्यंत. “जे घडलं ते लिहिलं पाहिजे,” ते म्हणतात. आळीतली मुले ते नाव दाखवून म्हणतात, की हा प्रमुख सर्वांत चांगला होता. त्याच्या कारकिर्दीत एकही भांडण झाले नाही.

माळ्यावरची घोडी खाली आली. तिच्या एका पायाला वाळवी लागली होती, तो पाक कासिदींनी बदलला. त्यांच्यापाशी आता वेळच वेळ होता. लोक त्यांना ‘बू एरतेंचे यजमान’ म्हणून ओळखू लागले होते, आणि त्यांची काही हरकत नव्हती. बू निंग यांनी ओसरी धुतली, सारवल्यासारखी लख्ख केली, आणि ज्या दिवशी पहिल्यांदा मेणाची कढई तापली त्या दिवशी तासभर काहीच न काढता नुसत्या उजेडात बसून राहिल्या.

कामे थांबली नव्हती. पण दाखला हवा असणारा माणूस ओसरीपाशी आला की बू निंग मान वर न करता लेखणीच्या चोचीने समोरचे घर दाखवत. तेथे पाक विर्यावान त्याला तीन प्रश्न विचारून दोनदा परत पाठवत आणि मग कागद तयार करीत. सही मात्र बू एरतेंचीच लागे. आणि मेण तापलेले असताना बू एरते जागेवरून उठत नसत. त्यामुळे कागद घेऊन रस्ता ओलांडायचे काम दिवसातून अनेकदा चिटणिसांकडे येई. काटा दुरुस्त झाल्यापासून आळीतली सगळी मुले कागदोपत्री हलकी झाली होती. संतापलेल्या आया तक्रार घेऊन आल्या की बू निंग गंभीरपणे म्हणत, “ते खातं समोर.”

कापड पुरे व्हायला आले होते. चौकटींची नक्षी, प्रत्येक चौकटीत एक फुलपाखरू, पंख मिटलेले. सेकारच्या विधीला अद्याप पंधरवडा होता आणि शेवटची एकच ओळ उरली होती. त्या सकाळी पाक विर्यावान सहीचा कागद घेऊन आले, आणि सही होईपर्यंत कापडासमोर उभे राहिले. त्यांची नजर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू गेली. बाजारातल्या कोणत्याही तराजूकडे त्यांनी इतक्या आदराने पाहिले नसेल. तरी सवय ती सवय.

“बू एरते,” त्यांनी मान एका बाजूला कलवली, “रागावू नका. ही कडेची चौकट जराशी तिरकी वाटते.”

बू निंग यांनी लेखणीच्या चोचीवर हलकेच फुंकर घातली, श्वास धरून रेघ पुरी केली, आणि मग वळून प्रथम त्यांच्याकडे, आणि नंतर त्यांच्या पाठीमागे, रस्त्यापलीकडच्या पडवीत छताला टेकलेल्या खुर्च्यांकडे पाहिले.

“चौकट सरळच आहे, पाक,” त्या म्हणाल्या. “तुम्ही रोज खुर्च्यांमधून निघता ना, म्हणून तिरके झालात.”